जास्त कमी

दुनियेत मालाची कमी कधीच नसते. कमी असते दारावर उभं राहून माल आत घेणाऱ्याची. हे मले शाळेनं नाही, आमच्या पिंकीच्या आतड्यानं शिकवलं.

पिंकी म्हणजे माह्या पोराची, प्रशिकची पोरगी. आम्ही समदे नागपुरात बेसाले राहतो. आईचं दूध सुटलं अन् पोरीच्या तोंडाभोवती लाल चट्टे आले, हगवण लागली, केसं झडाले लागले. शंभर टक्के नातेवाईकांनी निदान केलं, साबण. (त्यातल्या निम्म्यांनी नजरही सांगितली.) साबण बदलला. दुकानदार बरा झाला.

धरमपेठच्या नूपुर डॉक्टरीणबाईनं रक्त तपासून सांगितलं, "हिच्यात जस्त कमी आहे."

"काय जास्त कमी आहे बाई?" आमची बायको, कौसल्या.

"जस्त."

"थेच म्हणून राहिली मी. पण काय?"

मांगं लाईन लंबी होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अवं, काय कमी ते नीट इचाराचं ना."

"तुमच्या तोंडाले काय झालतं?"

घरी हुकूम निघाला, समदंच जास्त द्या. वरण जास्त, अंडं जास्त, तूप जास्त. पोरगी अजून वाळली. तिचं रडणंही बंद झालं, तवा तिले उचलून परत धरमपेठ गाठलं.

दुसऱ्या खेपेले बाईनं समजावलं. जस्त म्हणजे पत्र्याच्या बादलीवर चढवतात थेच. जखम भराले, केसं वाढाले पेशीले ते लागते. आतड्यातल्या पेशीच्या दारावर त्याले आत ओढणारं एक प्रथिन असते. पिंकीचं ते जन्मापासूनच बिघडलेलं. आईच्या दुधातलं कसंबसं आत जाऊन राहिलं होतं.

"आता औषध म्हणून भरपूर देऊ," बाई म्हणाल्या. "दारावर गर्दी झाली की थोडं आजूबाजूनं आत जातंच. पण रोज, जन्मभर."

मले लगेच समजलं. ज्यानं हापिसातून एक दाखला काढला त्याले वेगळं शरीरशास्त्र लागत नाही.

आठवडाभरात चट्टे सुकले, पोरगी हसाले लागली. कौसल्यानं घरच्या ग्रुपवर टाकलं, 'जस्तानं जादू केली.' फॉरवर्ड होत गांधीबागेच्या बजारात पोचेपर्यंत ते जस्त टक्कल, शुगर अन् सुनेच्या स्वभावावरही लागू पडलं. जनता लय जागरूक. ज्यांचं दार ठणठणीत, त्यांनी बाटल्या जोडीनं नेल्या.

काल केमिस्ट रविंद्र म्हणे, "काका, पुरा नागपूर फिरा, माल नाही." पिंकीची बाटली तळाले लागली. तोंडाजवळ बारीक लाल दिसून राहिलं.

तुम्ही हसले, चांगलं केलं. आता उठा, फ्रिजवरची बाटली पाहा. झाकण उघडलं नसेल तर बेसाले आणून द्या.

उघडलं असेल तरी आणा.