हिरामण आणि दोन चंद्रांची भरती

१९८८ साली हिरामण तीस वर्षांचा होता, मी एकतीसचा. त्या वर्षी आमच्या गावात शाळेच्या पडवीत टीव्ही आला. रविवारी सकाळी दहाला त्यावर एक मालिका लागायची. यानात बसून माणसं या ग्रहावरून त्या ग्रहावर जायची. नाव काहीतरी इंग्रजी होतं, आम्ही तिला 'यानवाली' म्हणायचो. एका भागात आभाळात दोन चंद्र दाखवले. एकदोन बायांनी हात जोडले. आणि हिरामण ताडकन उठून उभा राहिला.

"बंद करा ते! दोन चंद्र म्हंजे भरती केवढी येईल? पार बांध फुटंल! यांचा बांध कुठं हाय? उघाडी कुठं हाय? दाखवा ना!"

लोक पोट धरून हसले. तो नाही हसला, कारण त्याचं कामच ते. आमचं गाव धरमतरच्या खाडीला. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध आहे आणि बांधाला एक दार आहे, ती उघाडी. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पाणी सोडायचं, भरती फिरली की फळ्या टाकायच्या. हे काम आधी हिरामणच्या बापाचं, मग त्याचं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तो पाण्याच्या मापानं मोजायचा. यान मंगळावर उतरलं तर विचारायचा, "ओहोटी बघून उतरले का तसंच?"

मी चौथी शिकलेला, हिरामण दुसरी. विज्ञानातलं मला त्याच्यापेक्षा दुप्पट कळतं असं माझं तेव्हा मत होतं आणि ते मी अजून सोडलेलं नाही.

त्याची चालही न्यारी. बांधावरच्या चिखलात पाय सरकू नये म्हणून तो गुडघे वर उचलून, अंगठे रोवून चालायचा. ती सवय एवढी जडली की पेणच्या डांबरी रस्त्यावरही तसाच चालायचा. दुकानदार बाहेर येऊन बघायचे. त्याची बायको यमुनावहिनी त्याला अर्ध्या मैलावरून ओळखायची. "आलं गो आमचं बगळं," म्हणायची आणि भाकरी तव्यावर टाकायची.

मग तो भाग आला. त्यात एक माणूस यानातून जातो. त्याचं तिकडं एक वर्ष होतं आणि इकडं पृथ्वीवर चाळीस वर्षं उलटतात. तो परत येतो तेव्हा त्याचा एक केस पिकलेला नसतो. आपल्या गल्लीतून चालत घरी येतो, तर दारात बायको. पार म्हातारी. चौकट धरून उभी. तो तिच्याकडे बघतो...

त्या रविवारी षष्ठी होती. पाणी साडेदहाला फिरणार, त्यामुळे हिरामणला उठणं भाग होतं. उठता उठता मोठ्यानं हसला. "एका वर्षात बायको म्हातारी? खोटं हाय सगळं! आमची बघा, आठ वर्षं झाली लग्नाला, हाय तशीच हाय!"

पडवी हसली. यमुनावहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तसंच राहिलं आणि तोंड लालबुंद झालं. हिरामण पायऱ्या उतरून गेला आणि मागोमाग लाईट गेली. आली ती संध्याकाळी. त्या माणसानं दारात काय केलं ते कोणालाच दिसलं नाही.

वहिनीनं सगळ्या पडवीला तोंड मिटून राहायला बजावलं. मला म्हणाली, "भावजी, लाईट गेल्याचं यांना बोलू नका. माझ्या रडण्याला हसले ना? आता बसू दे विचारत."

आणि हिरामण खरंच विचारत बसला. खोटं म्हणायचा आणि तरी विचारायचा, "मग? वळखलं का त्यानं तिला?"

"खोटंच हाय ना ते? मग तुम्हाला कशाला पायजे?" वहिनी म्हणायची.

मला विचारलं तर मी मान हलवून म्हणायचो, "शेवट एक नंबर होता." अर्धवट बघितला हे कबूल करणं माझ्या स्वभावात नाही.

पंचेचाळिशीत हिरामणचं मत फिरलं. त्याची लेक रोह्याला दिली होती, जावई कंपनीत. हिरामण चार दिवस राहून आला आणि बांधावर बसून मला सांगायला लागला, "निडी टेसन मागं पडलं का माणूस दुसऱ्या ग्रहावर जातो रे. तिकडं भरती नाय, ओहोटी नाय. शिफ्ट सुटली का सांज झाली. लेक दारात उभी होती, मी वळखलीच नाय. केवढी बाई झाली! तो भाग अगदीच खोटा नव्हता."

तो खरं म्हणायला लागल्यावर मला खोटं म्हणणं भाग पडलं. पुढची वीस वर्षं मी नेटानं तो भाग खोटा पाडला. आधी मीच त्या भागाला डोक्यावर घेतलं होतं, अशी आठवण हिरामण करून द्यायचा. मी म्हणायचो, "तो मी नव्हे, दुसरा कोणतरी असंल."

तीन वर्षांपूर्वी यमुनावहिनी गेली. आठ दिवसांचा ताप, बस. लाईट गेल्याचं तिनं त्याला सांगितलं नाही ते नाहीच.

आता उघाडीला लोखंडी झडप बसली आहे, पाण्याच्या जोरानं आपोआप उघडते, मिटते. हिरामण तरी रोज जातो. "झडपेचा काय भरवसा? झोपली तर?" पण गुडघे गेले. लेकीनं रोह्याहून काठी पाठवली. ती टेकत टेकत तो आता एखाद्या पेन्शनवाल्यासारखा चालतो. लांबून दिसला तर मलाही वाटतं, कोण पाहुणा आला?

गेल्या महिन्यात असेच दोघं सकाळी बांधावर बसलो होतो. ओहोटी पार तळाला गेलेली. ओल्या चिखलात आभाळ असं उतरलं होतं की खाडी कुठं संपते आणि ढग कुठं सुरू होतात ते कळेना. एक बगळा ढगातून चालत होता. हिरामण बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"तो भाग बरोबर होता रे," तो म्हणाला. "जाणारा तरणा राहतो. आमची बघ फोटोत. केस काळे, कपाळाला ठसठशीत कुंकू. आनि मी हा असा."

त्यानं काठी उचलून मांडीवर आडवी घेतली.

"परत कोन येत नाय, ठावं हाय मला. पन आलीच, तर मला वळखील का? तू शेवट बघितला हाय. खरं सांग. त्यानं वळखलं का तिला?"

माझं वय अडुसष्ट. शेवट बघितल्याची ती एक फुशारकी सोडली, तर मी कधी खोटं बोललो असं माझा वैरीही म्हणणार नाही. लाईट गेली होती, एवढंच सांगायचं होतं. समोर पाणी फिरलं. चिखलातले खेकडे एकेक करून बिळात गेले.

"वळखलं," मी म्हणालो.

"लगेच?"

"लगेच."

"कशावरनं? तोंड तर पार सुकलेलं तिचं."

"चालीवरनं. ती दारातनं दोन पावलं पुढं आली आणि त्यानं वळखली."

"चालीवरनं," हिरामण म्हणाला. मग मांडीवरच्या काठीकडे बघत बसला. उठलो तेव्हा झडप मिटली होती, आणि ती नीट मिटली का हे बघायला तो त्या दिवशी पहिल्यांदाच विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा होतो. समोर हिरामणच्या दाराला काठी टेकवून ठेवलेली. आणि तो लांब बांधावरून एकटाच चालला होता, मध्येच थांबत, पुन्हा गुडघे वर उचलत, अंगठे रोवत.