साळवेकाकांचे राजीनामे

साळवेकाकांच्या घरातला पंखा सहा वर्षं बंद होता आणि त्यात काहीही बिघाड नव्हता. दर शनिवारी काका स्टुलावर चढून त्याची पाती ओल्या फडक्यानं पुसायचे. अंधेरीतला मे महिना, बैठी चाळ, डोक्यावर पत्रे. पाहुणा घाम पुसत बटणाकडे हात न्यायचा, तेव्हा काका गंभीरपणे म्हणायचे, "राहू द्या. त्याचा राजीनामा घेतलाय."

काका आमचे शेजारी, मधे फक्त एक भिंत. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइमकीपर. कोण किती वाजता आला, कोण रजेवर गेला हे बघण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे देवाशीही ते त्याच भाषेत बोलायचे. ईस्टरच्या आधी त्यांच्यात चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तेवढे दिवस चर्चमधली माणसं आवडीची एखादी गोष्ट सोडतात, कुणी मटण, कुणी सिगरेट. ईस्टर झाला की पुन्हा सुरू. हे पुन्हा सुरू होणं काकांना अजिबात खपायचं नाही.

"ही माणसं मटणाला रजेवर पाठवतात," ते म्हणायचे. "मी राजीनामा घेतो. प्रभूच्या मागं जायचं तर स्वतःला पुरतं नाकारावं लागतं. त्यानं काय हाफ डे केला होता का?"

दर वर्षी एक राजीनामा. आधी साखर गेली. मग पंखा, उशी, मटण, रेडिओ. एका वर्षी खुर्ची गेली, तेव्हापासून काका पत्र्याच्या ट्रंकेवर बसायचे आणि उठले की ट्रंक ठॉक करून वाजायची. त्या आवाजावर आम्ही भिंतीपलीकडे ओळखायचो की काका उठले. मी तेव्हा औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. डबा खाताना काकांची नक्कल करून मैत्रिणींना हसवायचे. "भेंडीचा राजीनामा मंजूर," असं म्हटलं की सगळ्या लोळायच्या.

माझी आई कणकवलीची. तिचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या कडक, पण उपासाच्या दिवशी आमच्या घरात एरवीपेक्षा जास्त खमंग वास सुटायचा. काका दारात उभे राहून म्हणायचे, "वहिनी, तुमच्या देवाला उपासाला शेंगदाण्याचं कूट लागतं. आमचा देव तेवढंही मागत नाही."

"मागणा नाय मां? मगे तुमी देतास कित्याक?" आई खिचडी परतता परतता विचारायची.

यावर काका छताकडे बघायचे. आमच्या छताला त्यांचा तो पुसलेला पंखा नसायचा, पण सवय.

या सगळ्यात काकू होत्या. राहेलकाकू. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. गणपतीत आई नैवेद्य दाखवायच्या आधीचे मोदक त्यांच्यासाठी वेगळे काढायची, म्हणजे त्यांना खायला संकोच नको. काका म्हणायचे, "गूळ म्हणजे साखरेचा सख्खा भाऊ. त्याचाही राजीनामा." आणि काकू म्हणायच्या, "मला नकोच असतं हो गोड." वडे दिले तरी नकोच असायचं. आमच्याकडे पंख्याखाली बसा म्हटलं तर वारा नकोच असायचा. काकांचे राजीनामे सगळ्या चाळीला पाठ होते. काकूंचं "नकोच असतं" कुणाच्या कानात शिरलंच नाही, माझ्याही नाही. याची मला आजही लाज वाटते.

त्या वर्षी उपवासकाळ लागला आणि काकांनी चहाचा राजीनामा घेतला. तिसऱ्या आठवड्यात काकू नळावर हंडा भरताना कोसळल्या. मी आणि आईनं त्यांना उचलून घरात आणलं. उचलताना आईनं माझ्याकडे बघितलं. काकूंना वजनच नव्हतं.

डॉक्टर आले. पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खाता तरी काय?"

काका ट्रंकेवरून उठून म्हणाले, "खाते की. सोडलंय ते मी. हिनं काही सोडलेलं नाही."

"मग यांच्या अंगात रक्त का नाही? दूध द्या, अंडी द्या, कलेजी द्या."

"मला नकोच असतं," काकू म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर काका काकूंच्या उशाशी बसले. म्हणजे जिथे उशी असायला हवी होती तिथे. "अगं, राजीनामा माझा होता," ते म्हणाले. "तू तर कामावर होतीस ना?"

काकूंनी डोळे मिटूनच सांगितलं, "तुम्ही समोर भाकरी-मीठ खाताय, आणि मी एकटीनं बसून मटण कसं खायचं?"

बोलली आई. रागानं तिचा आवाज फाटला होता. "भावजीनु, देवाक काय देवचा ता देवा, पण तिका कित्याक उपाशी मारतास? तुमी खाल्ल्याशिवाय ती खावची नाय. खावा!"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, उपवासकाळातला. काका खाटकाच्या दुकानात रांगेत उभे राहिले. नेमके चर्चमधले एक वडीलधारे समोरून गेले. "साळवे? तुम्ही?"

"होय, मीच," काका म्हणाले. "अर्धा किलो."

रविवारपर्यंत चर्चभर झालं. ज्यांच्या मटणाची काकांनी इतकी वर्षं थट्टा केली, त्या सगळ्यांनी व्याजासकट वसूल केलं. काका मान खाली घालून ऐकून घ्यायचे. माझ्या मते त्यांनी आयुष्यात खरी सोडलेली गोष्ट ती एकच, आपली ऐट. बाकीचं सोडणं त्यांना त्या मानानं फार सोपं गेलं होतं.

घरी ते काकूंच्या समोर बसायचे. एक तुकडा आपण तोंडात घालायचे, मग थांबायचे. काकू एक खायच्या. मग पुन्हा ते. संध्याकाळी चारला दोन चमचे साखर घातलेला चहा. इतक्या वर्षांनी गोड जिभेला लागल्यावर काकांचं तोंड काढा प्यायल्यासारखं व्हायचं, आणि काकू हसायच्या. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

पण उशीर झाला होता. किंवा झाला नव्हता, मला माहीत नाही. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि रक्तातलंच दुखणं निघालं, जुनं. खाण्यापिण्याशी याचा काही संबंध नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी काकांना दोनदा समजावलं. काकांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि एकदाही विश्वास ठेवला नाही.

ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी काकू गेल्या. दुपारची वेळ, पत्रे तापलेले, खोली माणसांनी भरलेली. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली तसे काका उठले आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पंखा लगेच फिरायला लागला. काकूंच्या पांढऱ्या साडीचा पदर उडाला. काकांनी घाईनं रेग्युलेटर एकवर आणला. "बारीक ठेवतो," ते आम्हाला म्हणाले, "तिला सवय नाही."

त्यानंतर रोज चारला काका आमच्या दारात यायचे. एकच प्रश्न असायचा. "वहिनी, तिला काय आवडायचं हो?"

एकवीस वर्षांच्या संसारात त्यांना हे माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, कारण नकोच असतं म्हणताना काकूंची नजर कशावर जायची ते तिनं बघून ठेवलं होतं. ती रोज एक सांगायची. जत्रेतलं खाजं. कैरीचं लोणचं. लाल भोपळ्याचे घारगे. काका ते शोधून आणायचे, पंखा एकवर लावायचे आणि ट्रंकेवर बसून शेवटच्या कणापर्यंत खायचे. इतक्या निष्ठेनं त्यांनी उपासही कधी केला नसेल.

आषाढ लागेपर्यंत आईजवळचं सगळं संपलं. त्या दिवशी काका आले, तशी ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तिका मोगरो बरो वाटायचो."

काका दाराची चौकट धरून उभे राहिले.

"मोगऱ्यानं तिचं डोकं दुखायचं, वहिनी," ते म्हणाले. "लग्नाच्या दिवशी तिनं गजरा काढून माझ्या कोटाच्या खिशात ठेवला होता. एवढं एक मला माहीत आहे."

आईनं पदर तोंडाला लावला. काका जायला वळले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"उद्या पण एक सांगा," ते म्हणाले. "खोटं असलं तरी चालेल."