सारख्या देवाची डिस्क

चंद्रपूरच्या शकूरभाऊंनी माझी नोकरी वाचवली, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं वाचून हा माणूस कुणाचं काही वाचवू शकेल असं वाटायचं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते भरदुपारी न्हाणीघरात उघडेबंब बसले होते. वरून ओली मच्छरदाणी सोडलेली. दाढी पॉलिथिनच्या पिशवीत, अन् पिशवीचे बंद दोन्ही कानांना अडकवलेले. पुढ्यात पाटावर कुणाची तरी हार्ड डिस्क उघडी पडलेली. मी दारातून नमस्कार म्हणालो तर त्यांनी असे डोळे वटारले की मी दोन पावलं मागे सरलो.

"बोलू नको रे बाप्पा," आतून त्यांची थोरली बहीण हमीदाबाई म्हणाली. "थुकी उडते म्हनते तो."

डिस्कमध्ये आरशासारखी चकती फिरते अन् तिच्यावर केसभर अंतर ठेवून वाचणारं हेड फिरतं. मध्ये धुळीचा एक कण आला की खेळ खलास. मोठ्या कंपन्या यासाठी काचेच्या खोल्या बांधतात. शकूरभाऊंकडे न्हाणीघर होतं. आणि गाव कुठलं, तर चंद्रपूर! सकाळी वाळत घातलेलं पांढरं बनियन संध्याकाळी कोळशाच्या धुळीनं आपलं आपल्याला ओळखू येत नाही. म्हणून ते आधी भिंतींना पाणी मारत, मग मच्छरदाणीला, मग स्वतःला. शर्टाचे धागे उडतात म्हणून शर्ट नाही. गिऱ्हाइकालाही ओसरीवर पाय धुतल्याशिवाय आत येऊ देत नसत.

पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास घड्याळं दुरुस्त करून घेणारी माणसं संपली, तेव्हा ते डिस्क दुरुस्तीत शिरले. हात तेच, भिंग तेच.

त्या दिवशी बाहेर आल्यावर दाढीची पिशवी सोडत त्यांनी विचारलं, "कुठचा?"

"धानोऱ्याच्या फोटो स्टुडिओत कामाला आहे. मूळचा गडहिंग्लजकडचा. कोल्हापूर जिल्हा."

"मंग कोल्हापूर, काय झालं डिस्कले?"

तेव्हापासून मी कोल्हापूर. माझं नाव त्यांनी कधीच विचारलं नाही.

झालं होतं असं. आम्ही जीपमध्ये कॉम्प्युटर घालून भामरागडकडच्या गावांतून फोटो काढत फिरत होतो. परतताना नदीच्या उतारात जीपनं असा दणका खाल्ला की माझ्या मांडीवरचा सीपीयू खाली आपटला, वर पाणीही उडालं. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. ओलं झालं म्हणजे वाळवायचं, इतकंच मला कळत होतं. घरमालकीण अंगणात मोहफुलं वाळवत होती. ती म्हणाली, "ठेव ना बाजूले." मी डिस्क काढून दोन दिवस मोहाशेजारी उन्हात ठेवली. परत जोडली तेव्हा ती टक-टक, टक-टक करायला लागली.

शकूरभाऊंनी डिस्क नाकाशी नेली. "हिले मोहाचा वास काऊन येऊन राह्यला?"

मी सगळं सांगितलं.

"पलटवली का मंग? दोन्हीकडून वाळाले पाह्यजे ना बे!"

हमीदाबाई पदरात तोंड खुपसून हसली. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "किती देवाची हाय?"

गोंड माणसं सोयरीक जुळवताना विचारतात, तुम्ही चार देवांचे की पाच, सहा की सात? देव सारखे निघाले तर लग्न होत नाही. शकूरभाऊंची निम्मी ओळखपाळख त्या गावांतली, त्यामुळे तो शब्द त्यांनी उचलला होता. डिस्कचा मॉडेल नंबर म्हणजे तिचे देव. "फक्त आपल्या इथी उलटं हाय," ते म्हणाले. "मानसाच्या लग्नात देव वेगळे लागते, डिस्कले सारखेच पाह्यजे. नाईतर एकीचं हेड दुसरी घेत नाई."

फळीवर मेलेल्या डिस्का ओळीनं मांडल्या होत्या. ते एकेकीची ओळख करून देत होते. "हे कुरखेड्याची, बिजलीनं मेली. हे वणीची, पडून मेली. हिच्या मालकाचा स्वभावच गरम होता."

माझ्या डिस्कवरचा नंबर त्यांनी भिंगातून वाचला. पुन्हा वाचला. फळीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"नाही जुळत का, भाऊ?" मी घाबरून विचारलं. "मालक म्हणाले आहेत, फोटो आण, नाहीतर गाठोडं बांध. पावसाळ्यात त्या गावांचे रस्ते बंद होतात, पुन्हा जाऊन काढता यायचे नाहीत. आणि मंगरू म्हणून एक जण दोन दिवस चालत स्टुडिओत आलाय. फोटो काढल्यावर आठ दिवसांत त्याची आई गेली."

"दुसरा फोटू नसंन तिचा?"

"तिनं आयुष्यात काढलेला तो एकच."

ते बराच वेळ नंबरावरून अंगठा फिरवत राहिले. मग उठून लोखंडी कपाटातून एक डिस्क काढली, ओढणीत गुंडाळलेली. पुन्हा भिंतींना पाणी, मच्छरदाणीला पाणी, दाढीला पिशवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी डिस्क चालू झाली. टक-टक नाही, नुसती घूं. फोटो एकेक करून दुसरीकडे उतरत होते. दुपारी पडद्यावर मंगरूची आई आली, कपाळावर आठ्या घालून उन्हाकडे बघणारी. शेवटचं गाव उतरलं अन् थोड्याच वेळात खर्र आवाज होऊन डिस्क कायमची थांबली.

"गेलं हेड," शकूरभाऊ म्हणाले. "आपटलेली चकती. तिच्यावर जास्त टिकतच नाई."

ते हात धुवायला गेले, तेव्हा हमीदाबाईनं मला जेवायला वाढता वाढता सांगितलं.

"जिचं हेड तुह्या डिस्कले लावलं, ते डिस्क त्याचीच होती. मोटर जळलेली, पन हेड चांगलं. तीन वर्षं तोच नंबर शोधून राह्यला होता, नागपूर झालं, हैदराबाद झालं. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ हाय त्याच्यात. भावजय तर गेली, पन त्याच्यात चालते, हसते, मांडवातून मले हाका मारते. फोटू तर लई हायेत तिचे. पन फोटूत मानूस चालत नाई ना रे."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे तीन वर्षं शोधलेली मोटर मीच त्यांच्या दारात नेली होती. "होत नाही, डिस्क ठेवून जा," एवढंच म्हणाले असते, तर मी गुपचूप गावाकडची गाडी धरली असती. दोनातली एकच वाचणार होती, अन् ते त्यांना नंबर वाचतानाच कळलं होतं.

शकूरभाऊ आले. "भाऊ, तुमची..."

"जेव बे कोल्हापूर," ते ताटाकडे बघत म्हणाले. "भात थंडा होऊन राह्यला."

मंगरूला फोटो मिळाला, माझी नोकरी राहिली. आता मी गावाकडे परत आलोय, माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. कुठेही भंगाराचं दुकान दिसलं की आत शिरून जुन्या डिस्का उलट्या करून बघतो. तो नंबर मला पाठ आहे. त्या देवाची, हेड शाबूत असलेली एक धडधाकट डिस्क मिळाली तरी त्यांचं काम होईल. अजून मिळालेली नाही. मिळेल त्या दिवशी मी ती पोस्टानं पाठवणार नाही. स्वतः चंद्रपूरला जाऊन शकूरभाऊंच्या हातात देणार आहे.