सिद्रामअण्णांचा लांब चमचा

आमच्या शेजारच्या सिद्रामअण्णांना खोकल्याचं औषध देणं म्हणजे दिव्य. बाटलीवर 'हलवून घ्या' असं छापलेलं असलं तरी अण्णा ती हलवत नाहीत. हळूच आडवी करतात, उभी करतात, पुन्हा आडवी करतात. तोवर खोकलाच दमतो. "हिसके कामून द्यायचे? आतलं भिऊन जातंय की," असं त्यांचं म्हणणं.

अण्णांनी उभी हयात हैदराबादच्या एका हॉटेलात बारमन म्हणून काढली. गळ्यात लिंगायताचं इष्टलिंग, तोंडात कधी थेंब नाही. नुसत्या वासावर आणि बर्फाच्या आवाजावर त्यांचं काम चालायचं म्हणे. आमच्या गावी, चिटगुप्प्याला, परतले ते तिथला दारू ढवळायचा हातभर लांब चमचा घेऊन. आमच्याकडे चहाला आले की माझ्या बायकोला शिकवतात, "वैनी, चमचा कडंकडंनं फिरवा. खणखण कामून करायलाव?" ते गेले की बायको मुद्दाम खणखणवते.

असा हा मऊ माणूस एका बाबतीत मात्र दगड झाला होता. त्यांची रेवती शिकायला मेक्सिकोला गेली आणि तिथल्या मिगेलशी लग्न करून मोकळी झाली. अण्णा फोनवर लेकीशी बोलत. मागे मिगेल दिसला की फोन माझ्या हातात. रेवतीची आई, म्हणजे आमच्या काकू, आधीच वारलेल्या, त्यामुळे समजूत घालणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

या दिवाळीत दोघं आले. जावई पहिल्यांदा जेवायला बसला की सासऱ्यानं स्वतःच्या हातानं वाढायचं, ही त्यांच्या घरची रीत. रेवती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. अण्णा जागचे हलले नाहीत. शेवटी तिनंच वाढलं. मला तर अण्णांचा मनापासून राग आला.

संध्याकाळी मिगेलनं आपल्या गावच्या मेस्कालची बाटली अण्णांपुढे ठेवली. मी नाक लावलं. "अण्णा, धूर लागलाय हिला!"

"गप की. हुरड्याच्या आगटीचा वास हाय ह्यो."

आपल्या बांधावर असतं तसलंच घायपात खड्ड्यात भाजून ही दारू काढतात, असं रेवतीनं सांगितलं. अण्णांनी बाटली पुन्हा हुंगली. मग उठून कपाटातून चेरी लिक्युअर काढलं. नोकरी सोडताना मालकानं दिलेली ती बाटली अजून फोडलेलीही नव्हती. स्टीलच्या तांब्यात बर्फ, त्यावर मेस्काल, मग चेरीची लाल गोड धार. चमचा फिरू लागला. जरासुद्धा आवाज नाही.

"मला दुसरं कायबी करता येत न्हाई," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. चहाच्या गाळणीतून गाळून ग्लास स्वतःच्या हातानं मिगेलपुढे ठेवला. रेवतीनं ओढणी तोंडाला लावली.

पिण्याआधी मिगेलनं चार थेंब जमिनीवर सांडले. अण्णा चमकले. "आपलं गिऱ्हाईकबी असंच करायचं. कुणाच्या नावानं सांडला, इचार त्याला."

रेवतीनं विचारलं. उत्तर ऐकून ती बापाकडे वळली. "अप्पा, आईच्या नावानं म्हणायलाय. आपल्या आईच्या."

काकूंना दारूच्या वासाचा भारी तिटकारा. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला त्या अंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला. मला वाटलं, फरशी पुसतील. त्यांनी डोळे पुसले.

"त्याला सांग," ते म्हणाले, "आज ती रागवायची न्हाई. जावयानं दिलंय."