फुलांतली चूक

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमची बेल वाजते आणि दारात ओल्या हातांनी हौसामावशी उभ्या असतात.

"इन्स्पेक्टर," त्या म्हणतात, "या जरा. चूक काढायची हाय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो. आम्ही नांदेडकडचे, चऱ्होलीतल्या या सोसायटीत नुकतेच राहायला आलेलो. समोरच्या फ्लॅटमधल्या या साठी उलटलेल्या बाईंशी बोलणं लिफ्टपुरतंच. मला वाटलं, लाइटबिलात काहीतरी घोळ झाला असेल. मागोमाग गेलो, तर हॉलमधल्या टीपॉयवर एक पितळी पातेलं, त्यात पळसाच्या दोन फांद्या आणि कांद्याच्या फुलांचे तीन पांढरे, चेंडूएवढे गोंडे. खोलीभर कांद्याचा वास.

"काढा," मावशी म्हणाल्या.

"काय काढू?"

"चूक. कंपनीत त्येच करताय न्हवं तुमी? तुमची मंडळी सांगत व्हती."

बायकोनं खरंच सांगितलं होतं. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर भाग मोजायचे, चुकलेला बाजूला ठेवायचा. पण तिथं भागाचं ड्रॉइंग असतं. किती मोठा हवा, कुठं किती कमीजास्त चालेल, सगळं लिहिलेलं असतं. फुलाचं ड्रॉइंग कुणी काढलंय? मी तसं म्हणालो.

"डोळं हायत ना?" मावशी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी त्या पातेल्याकडे बघत बसलो. चहा आला तेव्हा, काहीतरी बोलायला हवं म्हणून, डावीकडचा गोंडा जरा वाकडा दिसतोय असं म्हणालो. मावशींनी कंबरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं.

"त्यो वाकडा न्हाई. त्यो रुसलाय. चूक दुसरी हाय."

दुसरी कुठली ते मला अखेरपर्यंत कळलं नाही. शेवटी त्यांनीच पळसाची मागची फांदी दोन बोटं खाली दाबली आणि मोकळा श्वास सोडला. "अडत व्हतं," म्हणाल्या. मला दोन्ही वेळा सारखंच दिसलं.

हा नाद त्यांना डॉक्टरांमुळे लागला. यजमान गेले, मुलाला कंपनीनं गुजरातेतल्या प्लांटवर पाठवलं, आणि मावशींचं बीपी वाढलं. मन कशात तरी रमवा, डॉक्टर म्हणाले. त्याच सुमारास क्लबहाऊसमध्ये एक मॅडम जपानी पद्धतीची पुष्परचना शिकवायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, सगळ्यात उंच फांदी म्हणजे आभाळ, मधली म्हणजे माणूस, खालची म्हणजे जमीन. मावशींनी विचारलं, "जमीन इकली आसंल तर?" मॅडम गोंधळल्या. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी मावशींचा कांदा असायचा, हे त्यांना कुठून माहीत असणार?

पण पद्धत मावशींना पटली. फक्त आभाळ, माणूस वगैरे त्यांनी काढून टाकलं आणि घरातली माणसं घातली. उंच फांदी ती थोरली जाऊ. तिच्या पुढं कुणी आलेलं चालत नाही. आंब्याच्या मोहोराची डहाळी ही माहेरवाशीण, ती दोन दिवसांत जाणार, तिला जागा चांगली द्यायची. पांगारा म्हणजे चुलतसासरा, लालबुंद आणि जवळ गेलं की काटे. फुलं उभी राहावीत म्हणून पातेल्याच्या तळाशी त्यांनी थेरगावच्या भंगारवाल्याकडून आणलेलं मोटारसायकलचं दातेरी चाक बसवलं होतं. त्याच्या भोकांत देठ खोचायचे. गोंडे भाचा आणून द्यायचा. चाकणजवळ त्याचं बियाण्याच्या कांद्याचं शेत आहे.

बाजारची फुलं त्यांना चालत नसत. मी एकदा सहा गुलाब नेले, तर त्यांनी ते देवाला वाहिले. "ह्ये पावनं," म्हणाल्या. "ह्यांच्याशी काय बोलावं?"

माघ गेला, फाल्गुन आला. दर रविवारी मी चूक शोधत होतो आणि दर रविवारी चुकीची चूक काढत होतो. क्वालिटीतली माझी बारा वर्षं त्या पातेल्यापुढं कामाला येत नव्हती. क्वचित कधी बरोबर चूक सापडली की मावशी खूश होऊन शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या. पण ती कशी सापडली हे मला सांगता आलं नसतं. बायको म्हणायची, "मन त्यांनी रमवायचं होतं. तुम्हाला का घाम फुटतो?"

मग गुढीपाडव्याच्या आधी सोसायटीनं पुष्परचनेची स्पर्धा ठेवली. मी मावशींना न विचारता त्यांचं नाव दिलं. आधी कुरकुरल्या, पण आदल्या दिवशी भाच्याला दोनदा फोन केला. क्लबहाऊसमध्ये त्यांचं पातेलं ठेवलं, आणि खरंच, मलाही कळावं इतकं ते सुरेख दिसत होतं. पांढरे गोंडे, एक पळस, आणि कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी. लोक येत होते, लांबूनच "मस्त, मावशी" म्हणत होते, मोबाइलवर फोटो काढून पुढं जात होते. परीक्षकबाईंनी पहिला नंबर दिला. कुणीतरी शाल घातली.

लिफ्टमध्ये मावशींनी पातेलं खाली ठेवलं, शाल काढून तिची घडी घातली. मला वाटलं, जपून ठेवायला. मी आमच्या कंपनीत तपासलेल्या भागावर लावतात तशी हिरवी चिठ्ठी खिशातून काढली आणि पातेल्यावर चिकटवली. "ओके," म्हटलं. "पास झालात मावशी. आता तुमच्या कामात चूक राहिली नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई राह्यली?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. थकल्या असतील, असं वाटलं. त्यापुढच्या रविवारीही नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा "काय इन्स्पेक्टर, बरं हाय ना" एवढंच बोलल्या आणि खाली गेल्या. मी चक्रावलो. ज्या बाईला मी बक्षीस मिळवून दिलं ती माझ्यावर नाराज का? नाव परस्पर दिलं म्हणून, चिठ्ठी लावली म्हणून, की शाल आवडली नाही म्हणून? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? जाऊन बघा."

तिसऱ्या रविवारी मी गेलो. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. हाक मारणार, तेवढ्यात आत मावशी दिसल्या. टीपॉयसमोर उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. पातेल्यात हंगामातले शेवटचे गोंडे आणि मोगऱ्याच्या दोन डहाळ्या. सगळं जागच्या जागी. मग त्यांनी हात पुढं केला आणि मधला गोंडा देठापाशी धरून हलकेच मागं ढकलला, डहाळीच्या आड जाईल असा. मागं सरून पाहिलं. पदराला हात पुसले. खाली बघतच दाराकडे दोन पावलं आल्या, थांबल्या, परत गेल्या आणि गोंडा पुन्हा सरळ केला. खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं उठल्या आणि तोच गोंडा पुन्हा मागं ढकलला.

मी दोन पावलं मागं सरकलो आणि बेल वाजवली.

"कोन?" मावशी दारात आल्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला. "तुमी व्हय. या की."

"बोलावलं नाहीत म्हणून आलो."

"कशाला बोलवायचं? तुमीच वके म्हनला." त्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या राहिल्या. "तितंबी समद्यांनी छान म्हनलं. लांबनं म्हनलं आन् गेली. आमचं मालक व्हतं, त्येंनी चाळीस वर्सं रोज एक तरी चूक काढली. मीठ कमी, भाकर जाड, दिवा तिरका. मला लई राग यायचा. पर चूक काढाया मानूस जवळ येतंय, इन्स्पेक्टर. ताटाशी बसतंय. बगतंय."

त्या एवढंच बोलल्या आणि खिडकी उघडायला गेल्या. खिडकी आधीच उघडी होती.

मी टीपॉयशी गेलो. डहाळीच्या आड ढकललेला गोंडा मला दिसत होता. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच चूक कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचं काय करावं हे मात्र कळत नव्हतं. मी खाली मांडी घातली. एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. मोगऱ्याची डहाळी उचलून परत ठेवली. मावशी मागून बघत होत्या.

"त्ये न्हवं," त्या म्हणाल्या.

"हे पान?"

"पान काय करतंय तुमचं? नीट बगा."

"नाही सापडत मावशी," मी म्हणालो. "आजची अवघड आहे. वेळ लागेल."

"लागू द्या की," मावशी म्हणाल्या. "आल्याचा टाकते," आणि स्वयंपाकघरात गेल्या.