कापसातला फोन

सदाशिवरावांनी सदऱ्याचा खिसा तिसऱ्यांदा चाचपला तेव्हा ते बावीस क्विंटल कापसावर गुडघे टेकून बसले होते आणि खिशात फोन नव्हता.

घराची समोरची खोली दिवाळीपासून कापसाची झाली होती. टीव्ही स्वयंपाकघरात गेला होता, पाहुणे ओसरीवर बसत, आणि दुपारचं जेवण झालं की सदाशिवराव शिडी लावून ढिगावर चढत आणि छताखाली उरलेल्या हातभर जागेत झोप काढत. गादीपेक्षा मऊ, शिवाय राखणही व्हायची. भाव चढेल म्हणून ते चार महिने थांबले होते, आणि या वर्षी खरोखर चढला होता. काल नानाजी व्यापारी येऊन गेले. त्यांनी चिमूटभर कापूस ओढून धागा पाहिला, ओलावा मोजायचं यंत्र ढिगात खुपसलं, काटा आठवर थांबलेला पाहून मान डोलावली आणि म्हणाले, "उद्या चार वाजता गाडी आणतो. तवर याले पाण्याचा थेंब लागू देऊ नका."

आता दोन वाजायला आले होते. दोन तासांत पाण्याचा थेंब कुठून येणार होता? फेब्रुवारी चालू होता आणि नळाला दोन दिवसांपासून पाणी नव्हतं.

"कपिल! अबे कपिल! माहा फोन पाह्यला काय?"

कपिल शिडीपाशी आला. तो रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाला होता, सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्याची निवड झाली होती आणि नेमणुकीआधीची पोलीस पडताळणी पुढच्या आठवड्यात होती. घरात कुठलंही वाक्य त्याच्यापुढे सहज टाकायची सोय राहिली नव्हती.

"शेवटचा कुठं होता?"

"खिशात. झोपलो तवा होता. उठलो तवा नाई."

"म्हंजे कापसात." कपिलचा चेहरा उतरला. "बाबा, तोच ना? बॅटरी फुगलेला?"

दुसरा फोन सदाशिवरावांकडे नव्हताच. त्याचं मागचं झाकण महिन्याभरापासून बसत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन रबरबँड लावले होते.

"हलू नका," कपिल म्हणाला. "कापूस म्हंजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यात फुगलेली बॅटरी. दाबल्या गेली, तापली, तर पेटू शकते."

"पेटते?"

"पेटते नाही म्हटलं. पेटू शकते."

"मंग उभा कायले? लाव न त्या फोनवर फोन! वाजला का सापडते."

"बिलकुल नाही!" कपिलनं आपला फोन पाठीमागे लपवला. "वाजला म्हंजे बॅटरीवर भार येते. थरथरते, तापते. कोणीच त्यावर फोन लावायचा नाही."

सदाशिवराव श्वास रोखून, पोटावर सरपटत शिडीपर्यंत आले. ज्यावर चार महिने घोरले, त्याच कापसाला हात लावताना आता त्यांना भीती वाटत होती. बायको, तानाबाई, घरात असत्या तर त्यांनी काही मार्ग काढला असता, पण त्या तासाभरापूर्वी बोरी अरबच्या बाजाराला गेल्या होत्या.

"मी आणीबाणीच्या नंबरवर विचारतो," कपिल म्हणाला. "फक्त सल्ला."

पलीकडच्या बाईंनी गाव विचारलं, नाव विचारलं, घरमालकाचा नंबर विचारला. कपिलनं वडिलांचा, म्हणजे कापसातलाच, नंबर दिला. मग त्यांनी विचारलं, "आग कशाला लागली आहे?"

"लागली नाही. लागण्याची शक्यता आहे."

"सर, माझ्यासमोर दोनच रकाने आहेत. आग आहे, आग नाही."

"शक्यता शून्य नाही," कपिल प्रामाणिकपणे म्हणाला.

"म्हणजे आहे. गाडी निघाली, सर."

"नाही, नाही, मॅडम, मला फक्त विचारायचं होतं—"

"आग नाही असं म्हणायचं आहे का? मग हा खोटा कॉल होतो. त्यावर कारवाई होते. काय लिहू?"

कपिलनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा कापसाकडे. पुढच्या आठवड्यातली पडताळणी त्याच्या डोळ्यांपुढे आली असावी. "आहे," तो बारीक आवाजात म्हणाला.

हे सगळं बोलणं शेजारच्या फुलचंदनं भिंतीवरून ऐकलं होतं. फुलचंद मदतीला धावणारा माणूस होता. त्याला मदतीसाठी हाक मारावी लागत नसे, हीच काय ती अडचण.

"सदाभाऊ, फायरवाले आले का आदी पाणी मारतात, मंग इचारतात," तो आत येत म्हणाला. "मागच्या साली माह्या साडूच्या गोठ्यात नुसता धूर होता. म्हैस आठ दिवस शिंकत होती."

"मंग कसं करू बावा?"

"कापूस बाहेर काढा. अंगणात ताडपत्री टाका. कापूस बाहेर, खोली खाली. मारू दे खोलीत किती पाणी मारते तर!"

सदाशिवरावांच्या बुडत्या मनाला हे पटलं. कपिललाही पटलं, कारण उघड्यावर उष्णता कोंडत नाही. फुलचंदनं रस्त्यावर जाऊन फक्त एकदा "आग!" अशी हाळी दिली आणि अर्धं गाव अंगणात उभं राहिलं. आग कुठं आहे ते कुणी विचारलं नाही. ओंजळी, टोपल्या, लुगडी, चादरी भरभरून कापूस बाहेर येऊ लागला. चार महिने पोराबाळांना ज्या कापसावर पाय ठेवू दिला नव्हता, तो सदाशिवरावांच्या डोळ्यांदेखत गावाच्या हातांतून निघाला होता. अंगणातल्या निंबाची वाळकी पानं त्यात मिसळत होती. "फोन पाहा रे, फोन पाहा!" ते प्रत्येकाच्या मागे ओरडत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की फोन पुढचा माणूस पाहतो आहे.

खोली रिकामी झाली तेव्हा जमिनीवर एक मांजराचं पिल्लू, एक विळा आणि दिवाळीत हरवलेला पाट सापडला. फोन नव्हता. म्हणजे तो कापसाबरोबर अंगणात गेला होता.

तेवढ्यात घंटा वाजवत लाल गाडी आली. गाडीतून उत्तमसिंग जमादार उतरले, मिशीवरून हात फिरवला आणि चारी बाजूंना नाक फिरवून हुंगलं.

"धूर कुठी हाय?"

गाव कापसाकडे पाहू लागलं.

"आग कुठी हाय?"

सदाशिवरावांनी पुढे होऊन त्यांचे हातच धरले. "जमादार साहेब, पाया पडतो, पाणी मारू नका. फोन हरवला हाय फक्त."

उत्तमसिंगांनी आपले हात सोडवून घेतले. "काका, म्या सोळा किलोमीटर घंटा वाजवत आलो. तीन बैलगाड्या नालीत उतरवल्या. फोन हरवला म्हून?"

त्यांनी माणसाप्रमाणे वागून पाण्याला हात लावला नाही, याचे सदाशिवरावांनी मनातल्या मनात आभार मानले. संकट टळलं असं त्यांना वाटलं. आणि नेमके तेव्हाच, चार वाजायला अजून पाऊण तास असताना, नानाजी व्यापारी आपली रिकामी गाडी घेऊन पोचले. दारात आगीची गाडी, अंगणात कापूस, भोवती गाव. ते गाडीतून खालीच उतरले नाहीत.

"पेटला काय, सदाशिवराव?"

"नाई हो! एक ठिणगी नाई!"

"मंग हे लाल गाडी कापूस मोजायले आली काय?" नानाजींनी काच अर्धी वर केली. "हे पाहा, आग लागलेला कापूस आतून धुमसते. दोन दोन दिवस समजत नाई. माह्या गाडीतून जिनिंगमध्ये गेला आन् तिथं पेटला, तर मले गाव सोडा लागन. कापसाले आग लागली नोती असं यायच्याकडून लिहून आणा. लगेच भरतो."

"एवढंच ना?" सदाशिवरावांचा जीव भांड्यात पडला. "जमादार साहेब, द्या लिहून."

"देतो न," उत्तमसिंगांनी वही उघडली. "आग नोती. म्हंजे खोटा कॉल. कॉल कोणी केलता?"

कपिलनं हात वर केला. शाळेत करावा तसा.

"नाव सांग. हे ठाण्यात जाते."

सदाशिवरावांनी जमादारांच्या पेनवर हात ठेवला. आग होती असं लिहिलं तर कापूस गेला, नव्हती असं लिहिलं तर पोराची नोकरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा भाव मनासारखा मिळाला होता आणि पोराला पहिल्यांदा नोकरी मिळाली होती, आणि दोन्हींच्या मध्ये वहीतली एक कोरी ओळ होती. कुठूनतरी थोडीशी आग हवी होती. कापसाला नको, पण हवी.

हे त्यांच्या मनातच होतं, पण फुलचंद बोलून मोकळा झाला. "आगच पायजे ना? मागं पऱ्हाटीचा ढीग हाय. कापसापासून चांगला पन्नास हात लांब."

उत्तमसिंगांनी वही मिटली. "मी गाडी वळवून लावतो," ते आकाशाकडे पाहत म्हणाले. "तवर मले काही दिसलं, तर दिसलं."

कपिलनं कापसाची एक चिमूट हवेत सोडली. ती पूर्वेला गेली. वारा कापसाकडून ढिगाकडे होता, उलट नव्हता. त्यानं पावलांनी अंतर मोजलं, ढिगाभोवतीचा पालापाचोळा झाडून काढला, दोनदा वारा पाहिला आणि मगच मान हलवली. कापूस वेचून उपटलेल्या त्या वाळक्या पऱ्हाट्यांना काडी लागली मात्र, ज्वाळा माणूसभर उंच गेली. गावानं समाधानानं सुस्कारा सोडला. एवढ्या धावपळीनंतर शेवटी आग दिसली होती.

"पाइप काढा!" उत्तमसिंग गरजले.

गाडी रस्त्यावर होती आणि पऱ्हाटी घरामागे. मधे अंगण होतं, आणि अंगणात कापूस. लांबलचक पाइप ताडपत्रीच्या कडेकडेनं सरसरत गेला. कपिलनं वाऱ्याचा विचार केला होता, अंतराचा केला होता. पाइपाचा केला नव्हता. पाइप जुना होता. पाणी सुटल्याबरोबर तो फुगला आणि त्याला कुठं कुठं भोकं आहेत ते सर्वांना एकदम कळलं. पाच ठिकाणांहून पाच कारंजी उडाली आणि ती सगळी, जणू मोजूनमापून, बावीस क्विंटल कापसावर पडू लागली.

"बंद करा! बंद करा!" सदाशिवराव धावले. त्यांनी एका भोकावर हात दाबला, तर दुसऱ्यातून दुप्पट उडालं. मागच्या बाजूला पंप आणि ज्वाळांच्या आवाजात उत्तमसिंगांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी आग पूर्ण विझवली, राख उकरून पुन्हा विझवली, कारण काम करायचं तर नीट करायचं अशी त्यांची सवय होती.

पाणी थांबलं तेव्हा ताडपत्रीत पाणी साचलं होतं आणि कापूस त्यात बसला होता. छतापर्यंत असणारा कापूस आता गुडघ्याएवढा दिसत होता.

उत्तमसिंगांनी कागद लिहून हातात दिला. घरामागे पऱ्हाटीस आग, कापसास आग नाही, आगीत नुकसान निरंक. कागद अगदी हवा तसा होता. नानाजींनी तो काचेतून दोनदा वाचला. मग गाडीतून उतरले, ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं आणि काटा जिथवर जाऊ शकत होता तिथं जाऊन थांबलेला पाहिला.

"आग नोती, हे पटलं," ते हळूच म्हणाले. "वाळला का फोन करा."

"कायच्यावरून करू?" सदाशिवराव म्हणाले.

लाल गाडी गेली, नानाजींची गाडी गेली, गाव पांगलं. तेवढ्यात काळीपिवळी जीपमधून तानाबाई उतरल्या. खांद्यावरची भाजीची पिशवी तशीच ठेवून त्या अंगणाच्या तोंडाशी थांबल्या.

"अवो, हे काय केलं?"

"माहा फोन कापसात पडलता," सदाशिवराव म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज दुरून आल्यासारखा वाटला.

तानाबाई काही बोलणार, एवढ्यात घरातून, स्वयंपाकघराच्या दिशेनं, पत्र्याच्या पेटीत बेडूक कोंडल्यासारखा खडखडाट ऐकू आला. सगळे आत धावले. मांडणीवरचा स्टीलचा डबा थरथरत पुढे सरकत होता. कपिलनं झाकण काढलं. आत, दोन रबरबँड लावलेला, थंडगार फोन वाजत होता.

"तूच तं सांगतलं होतं काल," तानाबाई पोराला म्हणाल्या. "बाबाचा फोन कापसापासून दूर ठेव, डब्यात ठेव म्हून. हे घोरून राह्यले होते, म्या जाता जाता खिशातून काढला आन् ठेवला. त्यात माहं काय चुकलं?"

कपिलनं हातातलं झाकण खाली ठेवलं. त्यात काहीच चुकलं नव्हतं. त्यालाच ते सांगितल्याचं आठवत होतं.

सदाशिवरावांनी ओल्या अंगठ्यानं फोन उचलला आणि कानाला लावला. यंत्रातली बाई गोड आवाजात बोलत होती. फोनचा स्पीकर मोठा होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"आपण काही वेळापूर्वी आमच्या सेवेची मदत मागितली होती. आपली अडचण दूर झाली असल्यास एक दाबा. झाली नसल्यास दोन दाबा."

"दोन दाबा, बाबा," कपिल कळवळून म्हणाला.

"येडा झाला काय?" फुलचंद खिडकीतून ओरडला. "दोन दाबलं तं परत येतीन!"

सदाशिवरावांनी दारातून अंगणाकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. अडचण फोन हरवल्याची होती. फोन सापडला होता.

त्यांनी एक दाबलं.