टोचूचा पिवळा पट्टा

एका जंगलात झाडांपेक्षा क्लास जास्त झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. बाळांनो, मांडी घालून बसा. आणि मागे बसलेल्या आईबाबांनो, तुम्ही ते मोबाईल खाली ठेवा. गोष्ट खरं तर तुमचीच आहे, पोरांचं आपलं निमित्त.

तर त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. तिला एकुलता एक मुलगा, टोचू. साळिंदर ठाऊक आहे ना? पाठभर हे लांबच लांब काटे. कुणी अंगावर आलं की पाठ वळवायची, काटे फुलवायचे आणि उलटं धावत जायचं. बास. समोरचा जन्मात पुन्हा नाव काढत नाही.

त्याच जंगलात एक बिबट्या होता. तरुणपणी त्याने साळूबाईच्या वडिलांवर पंजा टाकला होता. थंडी पडली की तो पंजा अजून ठणकायचा. साळूबाई आणि टोचू समोरून येताना दिसले की साहेब काहीतरी विसरल्यासारखं करून दुसऱ्या पायवाटेने जायचे. थोडक्यात काय, साळूबाईचं बरं चाललं होतं. पण आपलं बरं चाललेलं आपल्यालाच कधी बघवतं का?

एक दिवस तिला ओढ्यावर ससूताई भेटली. ससूताई म्हणजे शेजारच्या झुडपातल्या कानू सशाची आई.

"अगं, आमच्या कानूला पिवळा पट्टा मिळाला!"

"कशाचा गं?"

"कराटेचा! बगळे सरांकडे जातो ना तो. तुझा टोचू कुठे जातो?"

"कुठे नाही बाई. घरीच असतो."

ससूताईने असा चेहरा केला की जणू टोचूला ताप आलाय. "आणि उद्या कुणी अंगावर आलं तर?"

"आलं तर तो पाठ वळवतो आणि..."

"पाठ?" ससूताई खुदकन हसली. "साळू, हल्ली पाठ नाही गं दाखवत कुणी. मुलांना आत्मविश्वास लागतो."

झालं. साळूबाईला त्या दिवशी घास गिळवेना. आपण पोराचं वाटोळं करतोय, असंच तिला वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती टोचूला घेऊन तळ्याकाठी हजर.

बगळे सर एका पायावर उभे होते. सरांना पोशाख विकत घ्यावा लागला नव्हता. जन्मतःच पांढरे आणि जन्मतःच एका पायावर. एवढ्या भांडवलावर त्यांनी वर्ग काढला होता. मारामारी त्यांनी फक्त माशांशी केली होती, तीही मासे बेसावध असताना.

"आधी पोशाख," सर म्हणाले. "पांढराशुभ्र. मग पट्टा. गाठ मारल्यावर दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत. पोशाख रोज धुवायचा, पट्टा कधीच धुवायचा नाही. विद्या वाहून जाते."

"आणि मारायचं कधी शिकवता?"

"बाई, आधी नमस्कार! समोर कुणीही असो, मान पूर्ण खाली. आमच्याकडे पहिला पावसाळा त्यातच जातो."

साळूबाईने पोशाख घेतला. सगळ्या आया घेतात तसाच घेतला, वाढत्या अंगाचा. बाह्या दुमडून दुमडून कोपरापर्यंत आणल्या. टोचू आनंदाने उडी मारायला गेला आणि टर्रर्र! पाठीची चाळण झाली. दुसरा पोशाख आणला, तोही गेला.

"काटे कापा," सर म्हणाले.

"अहो सर, पण ते त्याच्या रक्षणासाठी..."

"रक्षण आम्ही शिकवतोच आहोत ना? मग एका कामाला दोन दोन गोष्टी कशाला? शिवाय एकेक काटा वेगळ्या लांबीचा. रांगेत किती वाईट दिसतं!"

साळूबाईला पटलं. सरांचं सगळंच पटायचं. एका पायावर उभं राहून इतक्या शांतपणे बोलणारा चुकीचं बोलेल, असं कुणाला वाटेल?

घरी येऊन तिने स्वतःच्या दातांनी टोचूचा एकेक काटा कुरतडला. दुखत नव्हतं, नखं कापल्यासारखंच ते. पण टोचूच्या पाठीला पहिल्यांदाच वारा लागला आणि तो शहारला.

"आई, परत येतील ना गं?"

"येतील की. आणि येईस्तोवर तुझ्याकडे पट्टा असेल, राजा."

असं म्हणताना तिने त्याच्या पाठीकडे बघायचं टाळलं. मग तिने ते काटे गोळा करून वारुळामागे टाकून दिले, म्हणजे दिसायला नकोत.

टोचू शिकला हो मन लावून! हवेला ठोसे मारले, हवेला लाथा मारल्या. हवेने एकदाही उलटून मारलं नाही, त्यामुळे त्याची प्रगती चांगली होती. "हाय्या!" असं ओरडायचा की तळ्यातली बेडकं गप्प व्हायची. शेजारी कानू. त्याला पळायची सक्त मनाई होती, कारण पळणं म्हणजे भित्रेपणा. बिचारा ससा जागच्या जागी पाय रोवून उभा राहायला शिकत होता.

शेवटी टोचूच्या पिवळ्या पट्ट्याचा दिवस आला. आता समारंभ म्हटला की प्रमुख पाहुणा हवा. गेल्या खेपेला कासव बोलावलं होतं. ते समारंभ संपल्यावर पोचलं आणि फोटोत दगडासारखं आलं. या खेपेला बगळे सरांनी वजनदार पाहुणा आणला.

कोण? बरोबर ओळखलंत. बिबट्या.

तुम्ही पोरं हसताय. तिथे एकही आई हसली नाही. उलट पुढच्या रांगेसाठी धक्काबुक्की झाली. साळूबाईने आधी टोचूला जवळ ओढलं. पण सगळे टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर तिनेही वाजवल्या.

शाल झाली, नारळ झाला. बिबटे साहेब बोलायला उभे राहिले.

"मला लहान मुलं फार आवडतात," ते म्हणाले.

टाळ्यांचा नुसता कडकडाट!

मग साहेबांच्या हस्ते पट्टे. टोचूचं नाव पुकारलं. तो पुढे गेला आणि शिकवल्याप्रमाणे मान पूर्ण खाली घातली. साहेबांनी जरा बिचकतच पट्टा त्याच्या कमरेभोवती नेला. पंजा पाठीला लागला. त्यांनी तो पुन्हा लावला, या वेळी सावकाश.

"काटे कुठे गेले?"

"कापले, साहेब!" बगळे सर अभिमानाने म्हणाले. "शिस्तीसाठी."

"वा! वा! असे वर्ग प्रत्येक ओढ्याकाठी निघाले पाहिजेत," साहेब म्हणाले आणि त्यांनी गाठ मारली. दोन्ही टोकं अगदी सारखी होती. दोन्ही साहेबांच्या पंजात होती.

"चला, आता एक प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे."

टोचूने मान वर केली. समोर जबडा होता. "हाय्या!" तो ओरडला, पण फार बारीक आवाजात. मागे सरकायला गेला, तर पट्टा ओढला गेला.

साळूबाईने सरांकडे पाहिलं. सर मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर होते. उडणं त्यांनी वर्गात कधीच शिकवलं नव्हतं, पण स्वतःला चांगलं येत होतं. तिने ससूताईकडे पाहिलं. ससूताई कानूला तोंडात धरून टेकडीपार झाली होती. पळणं म्हणजे भित्रेपणा, हे पाठ केलेले सगळे सगळ्यांत आधी पळाले.

राहिली एकटी साळूबाई. तिला नमस्कार आठवला नाही की ठोसा आठवला नाही. "मेल्या, सोड माझ्या लेकराला!" असं ओरडत तिने पाठ वळवली, काटे फुलवले आणि जी उलटी धावत सुटली ती थेट साहेबांच्या तोंडावर जाऊन थांबली.

त्यानंतरचा आवाज कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. साहेब शाल, नारळ सोडून ओरडत ओरडत जंगलात गेले. पट्टा तुटला होता. टोचू आईच्या पोटाखाली थरथरत होता आणि ती त्याची बोडकी पाठ चाटत होती. "चुकलं रे माझं, चुकलं," एवढंच म्हणत होती.

तेवढ्यात सर खाली उतरले.

"बाई, हे काय? नमस्कार न करता हल्ला? तोही पाहुण्यांवर? तोही पाठ करून? आणि अंगात पोशाख नाही!"

झुडपांतून परतलेल्या पालकांनी माना डोलावल्या. टोचूचं नाव वर्गातून कमी झालं.

पण बगळे सर मोठे हुशार. महिनाभरात तळ्याकाठी नवीन पाटी लागली: 'पाठ वळवून हल्ला, खास वर्ग. काटे इथेच मिळतील. घरचे काटे चालणार नाहीत.' पाटीखाली रांग लागली. वारुळामागे टाकलेले टोचूचे काटे कुणी उचलून नेले, ते तुम्ही ओळखलंच असेल. साळूबाईला मात्र कळलं नाही, कारण ती तिकडे फिरकतच नव्हती.

एक दिवस ओढ्यावर ससूताई भेटली. कानूच्या पाठीला डिंकाने चिकटवलेले काटे होते. दोन पडले होते.

"आमच्या कानूला काटे मिळाले! तुझ्या टोचूला नाही का गं मिळाले?"

साळूबाईने टोचूच्या पाठीकडे पाहिलं. नखाएवढे कोंब वर आले होते. तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"त्याला येतायत. घरचेच आहेत."

"घरचे?" ससूताईला फार वाईट वाटलं. "म्हणजे सर्टिफिकेट नाही?"

तात्पर्य: काटे नुसते पाठीवर उगवून भागत नाही, ते वर्गात जाऊन चिकटवून घ्यावे लागतात. आणि पट्टा बांधायला प्रमुख पाहुणा बोलवाल, तेव्हा निदान तो जेवून आला आहे का, एवढं विचारून घ्यावं.